शंखी गोगलगायीवर दुसरी गोगलगाय सोडायची आयडिया नको रे बाबा

संपादक महोदय,

सोयाबीन उगवून वर आलं की आमच्या लातूर-बीड-धाराशिवकडे शंखी गोगलगायीचा विषय निघतोच. २०२२ च्या जुलैमध्ये तर कोवळी रोपं रात्रीतून साफ झाली, कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली, पंचनामे झाले, ते सगळं तुमच्या पेपरातही आलं होतं. आता आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक नवीन टूम निघालीये. म्हणे परदेशात गोगलगाय खाणारी एक गोगलगाय असते, ती आणून शेतात सोडा, औषधाचा खर्च वाचेल. त्याला अंगठ्यांवर अंगठे पडलेत, म्हणून हे पत्र.

ही आयडिया नवीन नाही, करून झालेली आहे, आणि तीही आपल्या बांधावर जी आफ्रिकन गोगलगाय आहे ना, म्हणजे हीच शंखी, तिच्याचसाठी. पॅसिफिक महासागरात ताहिती बेट आहे, फ्रान्सच्या ताब्यातलं, त्याच्या शेजारी मूरिया म्हणून छोटं डोंगराळ बेट. तिथल्या जंगलात पार्टुला जातीच्या झाडावरच्या गोगलगायी होत्या, जेमतेम नखाएवढ्या. त्यातली पार्टुला तोहिवेआना तर फक्त मूरियावर, जगात दुसरीकडे कुठंच नाही. सडका पालापाचोळा, शेवाळ, बुरशी खाऊन राहणारी, कुणाच्या शेताला तिचा काडीचा त्रास नाही. अंडीसुद्धा घालत नाही, एकावेळी एकच जिवंत पिल्लू देते. आपली शंखी एका खेपेला शंभरच्या वर अंडी घालते, म्हणजे विचार करा, हिच्या शंभर गेल्या तर भरून यायला किती काळ लागणार.

१९६७ मध्ये ताहितीत आफ्रिकन गोगलगाय पोचली आणि बागा, पिकं खायला लागली. तेव्हा सरकारी लोकांनीच १९७४ ला अमेरिकेतल्या फ्लोरिडाकडची शिकारी गोगलगाय आणून सोडली, युग्लँडिना रोझिया तिचं नाव, आणि १९७७ ला मूरियावरपण सोडली. ही बया दुसऱ्या गोगलगायीच्या चिकट रेषेचा माग काढत जाते, झाडावरपण चढते. पण मोठ्या शंखीच्या नादी लागण्यापेक्षा तिला लहान पार्टुला सोपी, आख्खी गिळता येते. मूरियावर ती वर्षाला साधारण एक-सव्वा किलोमीटर पुढं सरकत गेली आणि ती जिथून गेली तिथल्या पार्टुला संपल्या. दहा वर्षांत म्हणजे १९८७ पर्यंत बेटावरच्या जवळपास सगळ्या जाती जंगलातून गेल्या. हेच हवाईत आधी, १९५५ लाच करून झालं होतं आणि तिथल्या झाडावरच्या गोगलगायींनाही ती भोवली, तरी पुन्हा केलं! याला काय म्हणायचं.

तोहिवेआना वाचली ती नशिबानं. ब्रायन क्लार्क, जेम्स मरे आणि मायकल जॉन्सन हे शास्त्रज्ञ आधीपासून तिथं पार्टुलाचा अभ्यास करत होते, त्यांनी शेवटच्या काही उचलून नेल्या आणि मग लंडन, एडिंबरासारख्या झूमध्ये डब्यात ठेवून त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या. सगळ्याच काही तगल्या नाहीत, रायातिया बेटाची पार्टुला टर्गिडा १ जानेवारी १९९६ ला लंडनच्या झूमध्ये संपली, शेवटची एक होती ती गेली. तोहिवेआना मात्र काही वर्षांपासून परत मूरियाच्या जंगलात सोडतायत. सोडताना शंखावर रंगाचा ठिपका देतात, अंधारात टॉर्च मारला की चमकतो. २०२४ मध्ये तिथं ठिपका नसलेल्या मोठ्या तोहिवेआना सापडल्या, म्हणजे त्या जंगलातच जन्मून वाढलेल्या, आणि त्यावरून तिला ‘जंगलातून नामशेष’ या यादीतून बाहेर काढलं. बाहेर म्हणजे काय, अजून ‘अतिसंकटग्रस्त’मध्येच आहे. एका बेटावरची ही नखाएवढी गोगलगाय परत जागेवर आणायला चाळीसेक वर्षं आणि कितीतरी झूंची माणसं खपली, आणि घालवायला एक सरकारी निर्णय पुरला.

आणि आपल्याकडची शंखी तरी काय इथली आहे का. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंखप्रेमीनं मॉरिशसहून कलकत्त्याला जिवंत आणल्या आणि तिथल्या एका बागेत सोडल्या, तिथून सगळीकडे झाल्या. शिकारी गोगलगाय आणली तर तीही लातूरच्या शिवारात बसून राहणार नाही. सह्याद्रीत अशा गोगलगायी आहेत ज्या जगात दुसरीकडे नाहीत, त्यांची तर आपल्याला नीट नावंसुद्धा माहीत नाहीत.

कृषी खात्यानं हे जाहीरपणे सांगावं की असलं काही आणणार नाही आणि कुणी चोरून आणलं तर कारवाई होईल. आणि जे खरंच कामाला येतं ते वेळेवर पोचवावं: गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाला टाकायची, सकाळी खाली जमलेल्या वेचून मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, बांधाकडेनं चुन्याचा पट्टा. अंडी मातीत असतात ती पण नष्ट करायची. कंटाळवाणं काम आहे, एकट्यानं करून उपयोग नाही कारण शेजारच्या शिवारातून परत येतात, अख्ख्या गावानं एकाच आठवड्यात केलं तरच फरक पडतो. मेटाल्डिहाइडच्या, म्हणजे गोगलगाय मारायच्या औषधाच्या, गोळ्या टाकणार असाल तर कुत्री-जनावरं लांब ठेवा, त्यांनाही विष लागतं. तुम्ही हे पेरणीच्या आधी छापलंत तर बरं होईल, मागच्या खेपेला माहिती आली तोवर रोपं गेलेली होती.

आपला,
एक वाचक, लातूर