आई, हे नेहमीचं पित्त वाटत नाहीये मला

प्रिय आई-बाबा,

फोनच करणार होते, पण फोनवर आई "बरंय गं आता" म्हणते आणि विषय संपतो, म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून तिला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका प्लीज.

गुरुवारी रात्री आईला परत दुखलं हे मला मावशीकडून कळलं. होळीपासून तिसऱ्यांदा. आणि तिन्ही वेळा "तिची नाइट असते, कशाला घोर लावायचा" म्हणून तुम्ही मला सांगितलं नाहीत. मला खरंच खूप लागलं ते. अकरा वर्षं मी सर्जिकल वॉर्डात दुसऱ्यांच्या आयांच्या उशाशी उभी राहतेय आणि माझी आई तिकडे पोटाशी उशी धरून पहाट व्हायची वाट बघत बसलेली.

आपल्या घरात सगळ्याला पित्तच म्हणतात. छातीत जळजळलं तरी पित्त, डोकं दुखून उलटी झाली तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच, आणि मग कोकम सरबत, मोरावळा नाहीतर बाबांचं ते गुलाबी औषध. पण आई, जळजळ होते ती जठरातल्या ॲसिडने. पित्ताशय वेगळं, यकृताच्या खाली उजवीकडे एक पिशवी असते, यकृतात तयार झालेला पित्तरस तिच्यात साठतो, तेला-तुपाचं खाल्लं की ती आवळते आणि रस आतड्यात सोडते. तिच्यात खडा असेल आणि तो तोंडाशी अडकला तर पिशवी आवळत राहते, वाट मिळत नाही, तेच हे दुखणं. गुलाबी औषधाने ॲसिड शांत होईल, खडा कसा हलेल?

आता तुझंच बघ. होळीला पुरणपोळी आणि वर तूप, गुरुवारी भजी. जेवल्यावर तास-दीड तासाने सुरू झालं, बरगड्यांच्या खाली मध्ये आणि उजवीकडे, चढत गेलं आणि मग एकसारखं राहिलं, पाठीत उजव्या फऱ्याखाली सुद्धा, उलटी झाली तरी मोकळं वाटलं नाही, कुशी बदलून उपयोग नाही, आणि दोन-अडीच तासांनी आपोआप ओसरलं. मावशीला हे सगळं तूच सांगितलंस. ॲसिडिटी अशी नसते गं, ती जळत वर घशाशी येते, आंबट ढेकर येतात, आडवं झालं की वाढते आणि औषधाने उतरते. गॅस असेल तर दुखणं इकडून तिकडे फिरतं आणि सरला की बरं वाटतं. खड्याचं दुखणं साधारण अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांपर्यंत राहतं आणि दोन दुखण्यांच्या मध्ये माणूस अगदी ठणठणीत असतो, म्हणूनच तर तू दुसऱ्या दिवशी उठून पापड लाटलेस आणि सगळ्यांना वाटलं गेलं.

तरी मी हे खात्रीने सांगत नाहीये, तपासल्याशिवाय कोणी सांगू नये. तू गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या घेतेस, त्यांनी अल्सर होतो, त्यातही तिथेच वर मध्ये दुखतं, शी डांबरासारखी काळी होत असेल तर लाजू नकोस, सांग. स्वादुपिंडाला सूज आली तर दुखणं आरपार पाठीत जातं आणि पुढे वाकून बसलं की थोडं बरं वाटतं, ती बऱ्याचदा याच खड्यांमुळे येते. मुतखडा कंबरेतून जांघेकडे उतरतो, माणूस एका जागी बसू शकत नाही. आणि शेजारच्या काकूंनी दिलेली पानफुटीची पानं आणि हुलग्याचं पाणी मुतखड्यासाठी देतात, पित्ताशयातला खडा लघवीच्या वाटेवर नसतोच. ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाने खडे पडतात तो व्हिडिओ पण बाबा डिलीट करा, पडतात त्या बहुतेक तेलाच्याच साबणासारख्या गोळ्या असतात.

हार्टचं मात्र नीट वाचा, दोनदा वाचा. हार्ट अटॅक कधी कधी छातीत न दुखता पोटाच्या वरच्या भागातच दुखतो, बायकांमध्ये आणि शुगरवाल्यांमध्ये जास्त. बाबा, शुगर तुम्हाला आहे. वर पोटात दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, दम लागला, जबडा किंवा हात दुखायला लागला तर पित्त म्हणून सोडा प्यायचा नाही, रिक्षा नाही, १०८ ला फोन, पहिला ईसीजी. मला नंतर कळवा. अशा पेशंटचे नातेवाईक आम्हाला रात्री तीनला सांगतात "संध्याकाळपासून ॲसिडिटी होती", मला ते वाक्य तुमच्या तोंडून ऐकायचं नाहीये.

आणि आईचं दुखणं सहा तासांच्या वर गेलं, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. ताप आणि कावीळ एकत्र म्हणजे खडा पित्ताच्या नळीत अडकून वर इन्फेक्शन झालेलं असू शकतं.

तपासणी अवघड नाही. पोटाची सोनोग्राफी, सुई नाही काही नाही. एक्स-रेत यातले बरेचसे खडे दिसतच नाहीत, म्हणून मागच्या महिन्यातल्या त्या एक्स-रेवर विसंबून राहू नका. सोबत सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, लिव्हरचं रक्त, स्वादुपिंडासाठी लायपेजचं रक्त आणि ईसीजी. खडे दिसले म्हणजे दुखणं त्यांचंच असंही नसतं, कितीतरी लोकांच्या पोटात खडे आयुष्यभर गप्प पडून असतात आणि त्यांना बहुधा ऑपरेशन लागत नाही. पण दुखणं असं ठरावीक आणि परत परत येणारं असेल तर सर्जन पिशवी काढायला सांगतील.

आई, तू ऑपरेशनला घाबरतेस हे मला माहितीये, तुझ्या आत्याच्या पोटावरचा तो लांब टाका तू लहानपणी पाहिलास. आता दुर्बिणीतून करतात, बारीक तीन-चार छेद. मुंबईच्या जे. जे. मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडियांनी १९९० मध्ये भारतातलं पहिलं असं ऑपरेशन केलं, आता आमच्या वॉर्डात ते रोजचं आहे, बहुतेक जणी दुसऱ्या दिवशी चालत घरी जातात. पिशवी नसली तरी यकृत पित्तरस करतच राहतं, तूप कायमचं सुटत नाही.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतेय, सुट्टी टाकलीये. शनिवारी साडेनऊची सोनोग्राफी आहे, नंबर लावलाय. शुक्रवारी रात्री आठला हलकं जेव, वरण-भात, आणि त्यानंतर काही खाऊ नकोस, खाल्लं की पिशवी रिकामी होऊन आक्रसते आणि आतलं नीट दिसत नाही. साधं पाणी चालेल. बाबा, तुम्ही मात्र नाश्ता करून गोळी घ्यायची, तिच्यासोबत उपाशी राहायचं नाही. आणि आई, मी पोहोचेपर्यंत सकाळचा चहा पण नाही हं, सोनोग्राफी झाली की मीच करून देते.

तुमची,
छकुली