ऑपरेशन पार पडलं, आता पुढच्या 90 दिवसांसाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

लिव्हरचं ऑपरेशन ठरलं की मदतीचा ओघ सुरू होतो, हा आमच्या रुग्ण साहाय्य समितीचा नेहमीचा अनुभव. नातेवाईक धावून येतात, ऑफिसातले सहकारी वर्गणी काढतात, ओळखीपाळखीत संदेश फिरतात. पेशंट सुखरूप बाहेर आला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि डिस्चार्जच्या दिवशी मदतीचं खातं बंद होतं. यात दोष कुणाचाच नाही. बिल डोळ्यांसमोर असतं, त्यावर एक रक्कम असते, ती भरून काढता येते. घरी गेल्यावरचा खर्च मात्र थोडा थोडा, रोजच्या रोज होत राहतो. "आत्ताच तर सगळ्यांनी दिलं, आता परत कुठल्या तोंडाने मागायचं?" हे आम्ही इतक्या घरांत ऐकलं आहे की ते मागण्याचं काम आता समितीनेच अंगावर घेतलं आहे.

तेव्हा हे आवाहन ऑपरेशनच्या बिलासाठी नाही. पेशंट घरी आल्यानंतर जे सुरू होतं, त्यासाठी आहे.

यकृतावर सुरी चालवणं एके काळी सर्जनलाही धडकी भरवायचं. या अवयवातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं, त्यामुळे रक्तस्राव आवरणं हीच मोठी लढाई असायची. 1908 मध्ये ग्लासगोच्या जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी यकृताकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या काही वेळ दाबून धरण्याची युक्ती मांडली. ती आजही वापरात आहे. 1957 मध्ये फ्रान्सच्या क्लोद क्विनो यांनी यकृताचे 8 भाग वेगवेगळे करून दाखवले आणि काय काढायचं, काय राखायचं, याचा नकाशाच सर्जनच्या हाती आला. 1970 च्या दशकात मोठ्या यकृत शस्त्रक्रियेनंतर शंभरातले 10 ते 20 रुग्ण दगावत. आज अनुभवी केंद्रांत हे प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला म्हणजे सगळं संपलं असं पूर्वी मानत. आता ज्यांचं ऑपरेशन करता येतं अशा रुग्णांपैकी 40 टक्क्यांच्या आसपास लोक 5 वर्षांनंतरही हयात असतात.

म्हणजे माणसं वाचू लागली आहेत. प्रश्न त्यांच्या पुढच्या जगण्याचा आहे, आणि तिथे मदत करणारे हात फार कमी आहेत.

लिव्हर पुन्हा वाढतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि ते खरंही आहे. यकृत निरोगी असेल तर त्याचा सुमारे 70 टक्के भाग काढला तरी उरलेला भाग निभावून नेतो. बरीचशी वाढ पहिल्या काही आठवड्यांतच होते, बाकीची पुढच्या काही महिन्यांत. पण ज्यांना आधीपासून सिरोसिस आहे, म्हणजे जुन्या आजाराने यकृत कडक आणि व्रणांनी भरलेलं आहे, त्यांचं गणित वेगळं असतं. त्यांच्या बाबतीत 40 टक्के तरी यकृत मागे राहिलं पाहिजे असा दंडक आहे, आणि ते वाढतंही सावकाश. केमोथेरपी घेऊन आलेले रुग्ण या दोन्हींच्या मधले. तरी घरीदारी सगळ्यांना एकच माप लावलं जातं: "लिव्हर वाढलं ना? मग कामावर कधी जाणार?" हा प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण आमच्या अनेक पेशंटना तो टाक्यांपेक्षा जास्त बोचतो.

ऑपरेशन यशस्वी झालं की नाही, हे बरीच वर्षं पहिल्या 30 दिवसांवरून ठरवत. यकृताच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही, कारण उरलेलं यकृत हळूहळू थकत जाऊन होणारे मृत्यू महिना उलटल्यावरही होतात. म्हणून आता 90 दिवसांचा हिशोब धरतात. आमच्या कार्यकर्त्यांच्या तोंडी या काळाला 'नव्वदी' असंच नाव पडलं आहे. समितीचं निम्म्याहून जास्त काम या नव्वदीत असतं.

या काळात काय काय होऊ शकतं? यकृताच्या कापलेल्या कडेतून पित्त गळू शकतं. काही जण तर निचऱ्याची नळी आणि पिशवी कमरेला लावूनच घरी येतात. पोटात आत पाणी किंवा पू साचू शकतो. कर्करोगाचं मोठं ऑपरेशन असेल तर पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटाच्या कातडीखाली घ्यायची इंजेक्शनं अनेकदा 4 आठवड्यांपर्यंत लिहून देतात. दवाखान्यात ती नर्स देते. घरी कोण देणार, आणि औषधाच्या दुकानातून रोज कोण आणणार? आम्हाला असे पेशंट भेटले आहेत ज्यांनी डिस्चार्जनंतर आठवडाभरात इंजेक्शनं थांबवली. विचारलं तर म्हणतात, "बरं वाटतंय की." खरं कारण बहुतेक वेळा पैशाचं असतं. ते दुसऱ्या-तिसऱ्या फोनला कळतं.

फोनचं थोडं सविस्तर सांगतो. आमचे कार्यकर्ते डॉक्टर नाहीत. त्यांच्याकडे एक वही असते आणि ठरलेले प्रश्न: ताप किंवा थंडी वाजली का? डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो का? लघवी गडद झाली आहे का, शौचाचा रंग मातकट पांढरट आहे का? पोट फुगलंय का? पिशवीत काय रंगाचं आणि किती आलं? एका पायालाच सूज आहे का, दम लागतो का? आणि शेवटचा, जो सुरुवातीला नव्या कार्यकर्त्यांना उगाचचा वाटतो: झोप कधी लागते, रात्री की दिवसा?

एकदा एका पेशंटच्या पत्नीने बाकी सगळ्या प्रश्नांना "नाही" म्हटलं. झोपेचं विचारल्यावर म्हणाल्या, "दिवसभर झोपूनच असतात, रात्री मात्र टक्क जागे. आणि काल बँकेच्या कागदावर सही करताना हात असा थरथरला की सहीच जुळली नाही." थकवा असेल म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. आमच्या कार्यकर्तीने काही निदान सांगितलं नाही, फक्त एवढंच म्हणाली की हेच शब्द आत्ता वॉर्डात फोन करून सांगा. त्याच रात्री पेशंटला परत भरती केलं. सिरोसिसचं यकृत, त्यात पोटात पू झालेला आणि त्याचा ताण मेंदूपर्यंत पोचलेला. सोनोग्राफीत बघून नळी घातली, पू काढला, औषधं दिली आणि ते घरी आले. या फोनला समितीचा काय खर्च आला? जवळजवळ काहीच नाही. पण फोन करायला माणूस होता.

आता थोडं जगण्याच्या प्रतीबद्दल. हा विषय फाइलमध्ये सहसा नसतो. रिपोर्टमध्ये बिलिरुबिन, म्हणजे कावीळ दाखवणारा रक्तातला आकडा असतो, स्कॅनमध्ये गाठ आहे की नाही ते असतं. जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागतं, हे कुठे लिहिणार? उजव्या बरगडीखालची लांब चीर कपड्याच्या शिवणीला घासते, त्या जागेची कातडी महिनोन्महिने बधिर राहते, कुशीवर वळताना ओढ बसते. दोन घास खाल्ले की पोट भरतं. थकवा तर असा की झोपून उठलं तरी जात नाही. हे मोजता येतं, आणि जगभर मोजतातही. कर्करोगाच्या रुग्णांसाठी 30 प्रश्नांची एक मान्यताप्राप्त प्रश्नावली आहे, यकृताच्या आजारांसाठी तिला पुरवणी प्रश्नावल्या आहेत. उत्तरांवरून 0 ते 100 असे गुण काढतात. 10 गुणांच्या आसपास फरक पडला तर तो पेशंटला स्वतःला जाणवणारा धरतात.

अशा मोजणीतून साधारण एकच चित्र दिसतं. ऑपरेशननंतर सगळ्यांचेच गुण घसरतात आणि बहुतेकांचे 3 ते 6 महिन्यांत पूर्वपदाला येतात. चीर लहान असेल तर हा काळ सोपा जातो. नॉर्वेत दुर्बिणीतून आणि पोट उघडून अशा दोन्ही पद्धतींनी केलेल्या ऑपरेशनांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. त्यात दुर्बिणीच्या गटात गुंतागुंत 19 टक्के आणि दुसऱ्या गटात 31 टक्के होती. जगण्याची प्रतही दुर्बिणीच्या गटात चांगली राहिली. पण सगळ्यांचं ऑपरेशन दुर्बिणीतून होऊ शकत नाही, आणि 'बहुतेकांचे' या शब्दात जे बसत नाहीत ते आमच्या वाट्याला येतात: सिरोसिस असलेले, वय झालेले, एकटे राहणारे, आणि ज्यांच्या घरात कमावणारा तोच एक होता असे.

यकृतातच उद्भवणाऱ्या कर्करोगाची आणखी एक अडचण आहे. गाठ काढल्यावरही 5 वर्षांत तो परत येण्याचं प्रमाण 70 टक्क्यांपर्यंत सांगितलं जातं. त्यामुळे दर काही महिन्यांनी स्कॅन आणि रक्ततपासणी असते. त्या तारखेच्या आधीचे आठ-दहा दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, असं एका पेशंटच्या मुलीने आम्हाला सांगितलं होतं. खर्चामुळे हे स्कॅन पुढे ढकलले जातात. आमच्या मते पैसा सगळ्यात आधी जायला हवा तो इथे, कारण परत आलेली गाठ लहान असताना सापडली तर पुढचे उपचार शक्य असतात.

यकृत प्रत्यारोपण झालेल्यांची गोष्ट निराळी. त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी आयुष्यभर, ठरल्या वेळी घ्यावी लागते. चार दिवस गोळ्या नाहीत म्हणजे नवं यकृत धोक्यात. आणि ज्याने यकृताचा भाग दिला तो? धडधाकट माणूस मोठ्या ऑपरेशनला सामोरा जातो, त्यालाही चीर असते, थकवा असतो, रजा संपते. सगळे त्याचं कौतुक करतात आणि आठवड्याभरात विसरतात. दात्यांनाही नव्वदीच्या फोनमध्ये घ्यायचं असं समितीने ठरवलं आहे.

हे सगळं चालवायला तुमची मदत हवी आहे. पैशांची मदत तीन गोष्टींसाठी लागते: घरी गेल्यानंतरची औषधं आणि इंजेक्शनं, फॉलोअपच्या तपासण्या, आणि तपासणीला येण्याजाण्याचा खर्च. आम्ही पेशंटच्या हाती रोख देत नाही. औषधाच्या दुकानाला आणि लॅबला परस्पर भरतो आणि पावती फाइलला लावतो. ज्यांना हिपॅटायटिस बी आहे त्यांची विषाणूविरोधी गोळी ऑपरेशननंतरही चालू राहणं फार गरजेचं असतं. एखाद्याने अशा एका पेशंटच्या वर्षभराच्या गोळ्यांची जबाबदारी घेतली, तर ती मदत नेमकी कुठे गेली हे त्याला कळवता येईल, अर्थात नाव न सांगता. रक्कम लहान असली तरी संकोच नको. फूल ना फुलाची पाकळी, दरमहा आली तर आम्हाला पुढच्या महिन्याचा शब्द देता येतो. एकदाच आलेल्या मोठ्या देणगीपेक्षा आम्हाला हे जास्त उपयोगी पडतं, हे स्पष्टच सांगतो.

पैशांइतकीच माणसांची गरज आहे. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी तासभर फोन करू शकतील असे लोक हवेत. मोठ्याने सल्ले देणारे नकोत, ऐकून घेणारे आणि नीट लिहून ठेवणारे हवेत. प्रशिक्षण आम्ही देऊ. गाडी असेल तर पेशंटला ओपीडीला नेऊन आणता येईल. आहारतज्ज्ञांची तर फारच निकड आहे. या पेशंटना सहसा वजनाच्या किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि आपल्याकडे मात्र "लिव्हरचं आहे, हलकंच खा" म्हणत माणसाला उपाशी ठेवतात. स्नायू झडतात आणि चालणं आणखी लांबतं. फिजिओथेरपिस्टनी महिन्यातला एक दिवस दिला तरी बरंच काम होईल. वर-खाली होणारी कॉट, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची अशा वस्तू घरात पडून असतील तर द्या. वापरून झाल्या की दुसऱ्या पेशंटकडे जातात. रक्तदान करू शकत असाल तर तुमचा रक्तगट कळवून ठेवा.

काही गोष्टी मात्र कृपया पाठवू नका. उरलेली औषधं, विशेषतः प्रत्यारोपणाच्या पेशंटची, आम्ही घेत नाही. आणि 'लिव्हर साफ करणारी' चूर्णं, काढे, टॉनिकं तर मुळीच नकोत. भावना आम्ही समजतो, पण वनस्पतीपासून केलेल्या औषधांनीही यकृताला इजा होते, आणि अर्धं यकृत काढलेल्या माणसावर तो प्रयोग करायला आम्ही तयार नाही. यावरून दोन देणगीदार आमच्यावर नाराज झाले. नाइलाज आहे.

देणगी समितीच्या खात्यावरच जमा करा आणि पावती घेतल्याशिवाय राहू नका. समितीच्या नावाने कुणी वैयक्तिक खात्यावर पैसे मागितले तर आधी कार्यालयात विचारा. वर्षाचा जमाखर्च कार्यालयात कुणालाही पाहायला मिळतो. पेशंटचे फोटो आम्ही छापत नाही आणि मदतीच्या बदल्यात कुणाला व्यासपीठावर उभं करत नाही, त्यामुळे धनादेश देतानाच्या फोटोची अपेक्षा ठेवू नये ही विनंती.

तुमच्याच घरात असा पेशंट असेल तर नाव नोंदवायला डिस्चार्जची वाट पाहू नका. ऑपरेशनची तारीख ठरली की कळवा, म्हणजे घरी आल्याच्या दिवसापासून फोन सुरू करता येतो. येताना डिस्चार्जचा कागद आणि औषधांची यादी आणा. आणि ताप, कावीळ, गुंगी, दम लागणं किंवा पिशवीत रक्त, यातलं काहीही दिसलं तर आम्हाला नव्हे, ऑपरेशन झालेल्या रुग्णालयाला आधी फोन करा. आम्हाला नंतर कळवलंत तरी चालेल.

आपले नम्र,
रुग्ण साहाय्य समितीचे कार्यकर्ते