रिकाम्या गाडीच्या किलोमीटरचे पैसे कोण देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात कॅबवाल्यांबद्दल वाचकांची पत्रं अधूनमधून येतात, की बुकिंग झाल्यावर फोन करून आधी ड्रॉप कुठला विचारतात, कॅश का ऑनलाईन विचारतात आणि मग कॅन्सल करतात. लोकांचं चिडणं बरोबरच आहे, पावसात लहान पोराला घेऊन उभं असताना तिसऱ्यांदा कॅन्सल आलं की कोणाचंही डोकं फिरेल. पण ड्रायव्हर असं का करतो ते कोणी नीट लिहिलेलं माझ्या तरी वाचण्यात नाही म्हणून हे पत्र.

मी दिवसा भोसरी एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअर्सला आहे. सुटल्यावर रात्री दहापर्यंत आणि रविवारी स्वतःची वॅगनार अ‍ॅपवर चालवतो. पगारातून घराचा हप्ता जातो आणि गाडीवर मुलीच्या क्लासची फी निघते, त्यासाठीच चाललंय हे सगळं.

आता समजा संध्याकाळचे सात वाजलेत, मी वाकडला भूमकर चौकाच्या अलीकडे उभा आहे आणि रिक्वेस्ट येते हिंजवडी फेज २ ची. स्क्रीनवर पिकअप चार किलोमीटर, मिनिटं पंधरा-सोळा. त्या वेळेला शिवाजी चौक पार करून फेज २ ला पंधरा मिनिटांत कोणी गेलंय का ते हिंजवडीत नोकरी करणाऱ्या कोणालाही विचारा, अर्धा तास धरूनच चालायचं. बरं पोचलो तर नकाशावरचा पिन असतो कंपनीच्या मागच्या गेटला आणि कस्टमर असतो पुढच्या गेटला, मधे डिव्हायडर, यू-टर्न घेऊन यायला अजून दहा मिनिटं. सोसायटी असेल तर गेटवरचा सिक्युरिटी एंट्री करणार, मग टॉवर शोधा, मग मॅडमचा फोन की दोन मिनिटात आले. एवढं सगळं झाल्यावर ओटीपी टाकला की तेव्हा कुठे मीटर चालू होतो आणि ड्रॉप निघतो मारुंजी, चार-पाच किलोमीटर. म्हणजे जेवढी गाडी कस्टमर बसून पळाली जवळपास तेवढीच ती रिकामी पळाली, आणि वेळ म्हणाल तर रिकामीच जास्त पळाली.

सीएनजी गॅसचा भाव किलोला नव्वदच्या आसपास. ट्रॅफिकमध्ये एसी लावून किलोला वीस किलोमीटर मिळाले तरी खूप, म्हणजे किलोमीटरमागे साडेचार रुपये नुसत्या गॅसचे, टायर, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स वेगळं. हा खर्च गाडी भरलेली असो नाहीतर रिकामी, सारखाच असतो. पण पैसे मिळतात ते फक्त भरलेल्या गाडीचे. लांबच्या पिकअपचे म्हणून कधीमधी पाच-दहा रुपये टाकतात, त्यात चार किलोमीटरचा गॅससुद्धा निघत नाही. म्हणून ड्रायव्हर फोन करून ड्रॉप विचारतो. लांबचं भाडं असेल तर ते रिकामे चार किलोमीटर त्यात मुरतात, जवळचं असेल तर अंगावर येतात. त्यात उद्धटपणा करणारेही आहेत, फोनवर काहीही बोलतात, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण बहुतेक जण हा एवढाच हिशोब करत असतात.

सरकारने याचा विचार केलाच नाही असंही नाही. केंद्राची अ‍ॅग्रीगेटरसाठीची (म्हणजे अ‍ॅपवाल्या कंपन्यांसाठीची) गाईडलाईन २०२० ला आली आणि नवीन १ जुलै २०२५ ला. त्यात लिहिलंय की बेस फेअर म्हणजे सुरुवातीचं ठरलेलं भाडं कमीत कमी तीन किलोमीटरचं धरायचं, ते याच रिकाम्या पळवण्याच्या बदल्यात, आणि त्यापलीकडे पॅसेंजरकडून रिकाम्या किलोमीटरचे पैसे घ्यायचे नाहीत. पॅसेंजरच्या बाजूने हे योग्य आहे, गाडी कुठून येतेय हे त्याच्या हातात नसतं, मग त्याने का भरावे. पण पॅसेंजरकडून घ्यायचे नाहीत तर मग कोणाकडून? कुठली रिक्वेस्ट कुठल्या गाडीला पाठवायची हे ठरवतं अ‍ॅप. चार किलोमीटरवरची गाडी पकडली अ‍ॅपने, कमिशन घेतलं अ‍ॅपने, मग त्या चार किलोमीटरचा भार एकट्या ड्रायव्हरवर का?

आणि तो बेस फेअरचा आधार तरी कधी, तर भाडं ठरल्या दराने मिळालं तर. पुण्यात आरटीएने (प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने) एसी कॅबचा दर ठरवून दिला, पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे किलोमीटरला २५, जानेवारी २०२४ पासून लागू. त्या दराने पाच किलोमीटरचे सव्वाशेच्या आसपास होतात. माझ्या स्क्रीनवर अशा ट्रिपला कित्येकदा शंभरच्या आतला आकडा येतो. हा दर मिळावा म्हणून पुण्यातल्या ड्रायव्हर लोकांनी किती आंदोलनं केली ते तुम्हीच छापलेलं आहे, त्यामुळे परत सांगत बसत नाही.

पार्टटाईमवाल्याला हे जास्त लागतं. पिवळी प्लेट, परमिट, टॅक्स, कमर्शियल इन्शुरन्स, पासिंग, बॅज, हे सगळं मला तेवढंच भरावं लागतं जेवढं बारा तास चालवणाऱ्याला. (पांढऱ्या म्हणजे खाजगी प्लेटवर मार की, कोण बघतंय, असं सांगणारे भेटतात. उद्या अपघात झाला आणि इन्शुरन्सने हात वर केले तर मागे बसलेल्या माणसाचं काय, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.) बारा तास चालवणाऱ्याकडे पूर्ण दिवस असतो, एक ट्रिप वाईट गेली तर दुसरी लागते. माझ्याकडे तीन-साडेतीन तास, त्यात एक फेज २ सारखी ट्रिप लागली की संध्याकाळ गेली. इन्सेन्टिव्हही इतक्या ट्रिप पूर्ण करा असे असतात, ते आमच्या हाती लागत नाहीत. आता काही अ‍ॅपनी कमिशन बंद करून रोजचा पास काढलाय, ऐकायला छान वाटतं, पण पास दिवसाचा, मी चालवणार तीन तास आणि पैसे भरणार पूर्ण दिवसाचे. तो तासांवर का नसावा?

कॅन्सलचंही तेच. नवीन गाईडलाईनमध्ये कारण नसताना पॅसेंजरने कॅन्सल केलं तर भाड्याच्या दहा टक्के दंड, जास्तीत जास्त शंभर रुपये, आणि ड्रायव्हरने केलं तर त्यालाही तसंच. न्याय दिसायला सारखा आहे. पण शंभर-सव्वाशेच्या भाड्याचे दहा टक्के म्हणजे दहा-बारा रुपये, आणि मी तोवर तीन किलोमीटर येऊन गेटवर उभा असतो. भाड्यावर टक्का न लावता गाडी किती लांबून आली ते बघून हे पैसे ठरले पाहिजेत.

माझी मागणी जास्त नाही. दोन किलोमीटरच्या वरचा पिकअप असेल तर वरच्या किलोमीटरचे पैसे अ‍ॅप कंपनीने आपल्या हिश्शातून द्यावेत, पॅसेंजरच्या बिलात एक रुपया न वाढवता. हे पैसे खिशातून जायला लागले की कंपनी आपोआप जवळची गाडी शोधेल, पॅसेंजरलाही लवकर गाडी मिळेल आणि ड्रॉप विचारणारे फोन निम्म्यावर येतील असं मला मनापासून वाटतं. राज्याच्या परिवहन विभागाने हे आपल्या नियमात घालावं. त्यासाठी चालकांची बैठक बोलावली तर ती रविवारी ठेवावी ही विनंती, कारण मधल्या वारी सकाळी अकराला ठेवली की आमच्यासारखे नोकरी करून गाडी चालवणारे येऊच शकत नाहीत आणि मग आमचं म्हणणं मांडायला तिथे कोणी नसतं.

आपला,
एक पार्टटाईम कॅबचालक, चिंचवड
(नाव छापू नये ही विनंती)