त्याच शाळेत सहा वेळा जाऊ द्या

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : विद्यापीठांच्या विस्तारकार्याचे वेळापत्रक, निधी आणि नोंदी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याला आणि समाजसहभागाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत, त्यामुळे महाविद्यालयातली मुले विस्तारकार्यासाठी, म्हणजे शाळांत प्रयोग दाखवायला आणि गावाचे काम करायला, गावात जाणार हे ठरले. ती एकाच शाळेत किती वेळा जाणार, हे मात्र ठरलेले नाही. आज बहुतेक ठिकाणी ती एकदाच जातात, तीही बऱ्याचदा २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आसपास. हा दहावी-बारावीच्या परीक्षांचा हंगाम. माध्यमिक शाळेची इमारत परीक्षा केंद्राला दिलेली असते आणि विज्ञानाचे शिक्षक पर्यवेक्षणाला जातात. मग प्रयोग दाखवायचे कुणाला?

एका भेटीत काय निसटते, ते साध्या विद्युत मोटारीच्या प्रयोगात स्पष्ट दिसते. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून अरविंद गुप्तांनी अशी स्वस्त खेळणी घरोघरी पोहोचवली. साहित्य थोडके : दीड व्होल्टचा मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, रबर आणि २४ गेजची सव्वा मीटर वाइंडिंगची तार. सेलभोवती तारेचे दहा वेढे घालून वेटोळे करायचे. तारेवर वीज अडवणारा थर असतो; एका टोकाचा तो पूर्ण खरवडायचा. दुसऱ्या टोकाला वेटोळे उभे धरून फक्त वरची बाजू खरवडायची. गडबड हमखास इथेच होते. मुले दोन्ही टोके चकचकीत खरवडतात. मग अर्ध्या फेरीनंतर बल उलटे लागते, वेटोळे डुलते आणि थांबते. तार जोडलेलीच राहिली तर सेल तापून उतरतो. पाहुण्यांसमोर मोटार फिरलेली असते. पुढच्या आठवड्यात बाईंनी वर्गात करून पाहिली तर फिरत नाही, आणि विचारायला कुणी नसते. संच कपाटात जातो. दुसरी भेट नेमकी या प्रश्नासाठी हवी.

म्हणून आमची मागणी अशी. प्रत्येक महाविद्यालयाने जवळचे एक शाळा-केंद्र (आसपासच्या शाळांचा गट) निवडावे आणि तिथल्या त्याच शाळांत वर्षातून सहा भेटी द्याव्यात, सलग तीन वर्षे. जुलै ते सप्टेंबर तीन, दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत तीन. दोन श्रेयांकांचे साठ तास यात नीट बसतात : चौदा तास महाविद्यालयात तयारी, सहा भेटींचे छत्तीस, उरलेले दहा शिक्षकांबरोबरच्या बैठका आणि नोंदी. गटात दुसऱ्या वर्षाचे दोन आणि पहिल्या वर्षाचे दोन विद्यार्थी असावेत. नाहीतर दर जूनला सगळे शून्यापासून सुरू होते.

शिक्षकांसाठी वेगळे शिबिर भरवू नये. त्यासाठी कार्यमुक्तीचा आदेश लागतो, आणि दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक गेला की निम्मे वर्ग उघडे पडतात. केंद्राच्या शिक्षण परिषदेत ही मंडळी एकत्र येतातच. तिथे विद्यापीठाला दीड तास मिळावा, आणि त्या वेळात शिक्षकांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करावा. भाषण नको. यासाठी आपल्या आणि शालेय शिक्षण विभागाचे संयुक्त परिपत्रक लागेल. तेवढे आपण कराच.

निधीचे दुखणे जुने आहे. पैसे वर्षअखेरीस हातात पडले आणि ३१ मार्चपूर्वी उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे असले, की खरेदी आणि फलकांपलीकडे काही होऊ शकत नाही. भेटीचा खर्च मुख्यतः एसटीच्या तिकिटाचा आणि जेवणाचा असतो. तो जुलैतच लागतो. निम्मी रक्कम जूनमध्ये महाविद्यालयाच्या खात्यावर असावी.

गावासाठीच्या कामालाही हेच लागू आहे. विरघळलेले क्षार मोजणारे टीडीएस मीटर विहिरीच्या पाण्यात बुडवून आकडा सांगणे सोपे, पण त्यातून फ्लोराइडही कळत नाही आणि जंतूही. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या फ्लोराइडग्रस्त जिल्ह्यांत तो आकडा लोकांची दिशाभूल करतो. फ्लोराइड वेगळे तपासावे लागते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेले तर ते पाणी पिऊ नये, आणि ते उकळून कमी होत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर, अशी दोनदा तपासणी होऊन निकाल ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे. तो प्रकल्पवहीत राहिला तर ज्या घरी ते पाणी भरले जाते, तिथे काहीच पोहोचत नाही.

शेवटचा मुद्दा नोंदींचा. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनात विस्तार कार्यक्रमांची संख्या विचारली गेली, म्हणून महाविद्यालये संख्या वाढवत गेली. दहा गावांतले दहा दिवस कागदावर एका गावातल्या दहा दिवसांहून भारी दिसतात. तो नमुना बदलणे राज्याच्या हातात नाही. विद्यापीठांचा वार्षिक अहवाल मात्र आपल्या विभागाकडे येतो. त्यात तीन रकाने घाला : त्याच शाळेला कितवी भेट, मागच्या भेटीतला कोणता प्रयोग शिक्षकांनी स्वतः घेतला, आणि कोणता बंद पडला व का. तिसरा रकाना कोरा असलेला अहवाल परत पाठवा.

आपले,
विस्तारकार्यातील प्राध्यापक, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आणि शाळाशिक्षक