उजेडातला ऑथेल्लो

लंडन,
९ सप्टेंबर २०१८

तीर्थरूप आबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, “नाटक कसं झालं?” आणि मी “छान” म्हणून मोकळी झाले. बस समोर येऊन उभी होती. पण “छान” एवढ्यावर तुम्ही ऐकणाऱ्यातले नाही, म्हणून हे पत्र. आईला सांगा, जेवणखाण नीट चाललंय. बाकीचा मजकूर तुमच्यासाठी.

शेक्सपिअरचा ऑथेल्लो बघितला. ग्लोब थिएटरमध्ये, पाच पौंडांत, उभ्यानं. साडेचारशे रुपयांत लंडनमध्ये धड दोन वेळचं जेवण होत नाही, आणि इथे रंगमंचाच्या कडेवर कोपर टेकून शेक्सपिअर बघता येतो. मधला चौक उघडा, वर आभाळ. पाऊस आला तर भिजायचं. छत्री उघडू देत नाहीत, मागच्याला दिसत नाही म्हणून. बसायचीही सोय नाही. मी मध्यंतराआधी जरा टेकायला बघितलं, तर स्वयंसेवक बाई गोड हसून “उठा” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा भरून आल्या, की जिन्यावरून कठडा धरून उतरले.

थिएटर जुनं दिसतं, पण आहे १९९७ चं. मूळचं १५९९ चं. १६१३ मध्ये ‘आठवा हेन्री’ चालू असताना तोफ उडवली, ठिणगी गवताच्या छपरावर पडली आणि सगळं जळून गेलं. माणसं वाचली, एकाची विजार पेटली, ती म्हणे बिअर ओतून विझवली. आत्ताचं उभं केलं ते सॅम वानामेकर नावाच्या अमेरिकन नटानं. १९४९ मध्ये तो ग्लोब शोधत इथे आला, तर भिंतीवर नुसती पाटी! उरलेलं आयुष्य त्यानं या कामात घातलं आणि १९९३ मध्ये, थिएटर उघडायच्या आधीच, गेला. शेक्सपिअरच्या कर्मभूमीत शेक्सपिअरचं थिएटर बांधायला परक्या मुलखातला नट लागला. वाचून आपल्याकडची बंद पडलेली दोन-तीन नाट्यगृहं आठवली. असो.

आता मुद्द्याचं. इयागो, म्हणजे ऑथेल्लोच्या मनात बायकोबद्दल संशय पेरणारा खलनायक, केला होता मार्क रायलन्सनं. हा या ग्लोबचा पहिला कलादिग्दर्शक, दहा वर्षं होता. तुमच्या हिशेबानं खलनायक म्हणजे भारदस्त आवाज, रोखलेली नजर, एकेक शब्द वाजवून घेतलेला. हा तर मिशीवाला, किडमिडीत, लगबगीनं चालणारा गृहस्थ. वाक्यं भरभर म्हणतो, मधली काही खाऊनसुद्धा टाकतो. तुम्ही असतात तर पहिल्या पाच मिनिटांत “अरे, शब्द पोचव!” म्हणून पुटपुटला असतात. मीही कुरकुरलेच मनात.

पण आबा, हा माणूस हसवतो हो. आणि प्रेक्षकांकडे बघून बोलतो. म्हणजे खरंच बघून. दुपारचा खेळ, लख्ख उजेड, माझा चेहरा त्याला दिसतोय आणि त्याचा मला. आपण अंधारात लपून नाटक बघतो, तसं इथे करता येत नाही. त्यानं आपला डाव सांगितला, माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली, जसं काही मी होकारच दिलाय, आणि मी हसले! पुढे ऑथेल्लोच्या बायकोचा, डेस्डेमोनाचा, रुमाल पडला, तो माझ्यापासून चार हातांवर. वाकून हात लांब केला असता तर बोटं लागली असती. शेजारची शाळकरी पोरगी हळूच म्हणाली, “कुणीतरी उचला ना.” कोण उचलणार? इयागोच्या बायकोनं, एमिलियानं, उचलला आणि नवऱ्याला दिला. त्याचाच आता खोटा पुरावा होणार. तिथून पुढे मला हसू आलं नाही. मघाशी आपण कुणाला हसून साथ दिली, ते उशिरा कळलं. भारदस्त खलनायकाच्या बाबतीत असं होत नाही. त्याला आपण पहिल्या प्रवेशातच ओळखतो आणि निवांत होतो.

एमिलिया शीला अ‍ॅटिमची. शेवटी नवऱ्याचं कपट कळून ती उसळते, तेव्हा हेलिकॉप्टर घरघरत डोक्यावरून गेलं. बाईनं आवाज चढवला नाही, घाईही केली नाही. एक श्वास थांबली आणि घरघर ओसरताच पुढचं वाक्य सोडलं. माइक नाही, काही नाही. गेल्या वर्षी आपण तिकडे पाहिलेल्या नाटकात नायकाच्या गालाला डास बसल्यासारखा माइक चिकटवला होता आणि तरी मागे ऐकू येत नव्हतं, आठवतंय?

ऑथेल्लो आंद्रे हॉलंड, अमेरिकेतल्या अलाबामाचा. आपल्या गावचे हेल तसेच ठेवून बोलला. बाकीचे ब्रिटिश, हा एकटा बाहेरचा, हे न सांगता कानालाच कळत होतं. मला मात्र तो फार मवाळ वाटला. संशय आतून पोखरतोय हे दिसलं, वणवा नाही दिसला. इथे तुमच्या बाजूची मी आहे.

उभ्या उभ्या सारखं सांगलीजवळचं आपलं हरिपूर आठवत होतं. संगमेश्वराला जाताना चिंचांच्या रस्त्यावर तुम्ही दर वेळी म्हणायचात, “इथल्या गोविंद बल्लाळ देवलांनी ऑथेल्लोचा मराठी झुंझारराव केला.” तेव्हा मला त्यात काही वाटायचं नाही, लक्ष भेळेकडे. २०१२ मध्ये याच ग्लोबमध्ये सदतीस भाषांतून शेक्सपिअरची सदतीस नाटकं झाली. मुंबईहून हिंदी आलं, गुजराती आलं. मराठी नव्हतं. १८९० मध्ये झुंझारराव करणारी माणसं आपली! मी इथल्या दोघा-तिघांना हे सांगितलं, त्यांनी सभ्यपणे मान डोलावली.

एक काम आहे. माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत, प्रॉम्प्टिंगच्या तुमच्या वह्यांखाली, झुंझाररावाची फाटकी प्रत असायला हवी. गणपतीची गडबड संपली की दादाला शिडीवर चढवा. तुम्ही चढू नका. रुमालाच्या प्रवेशाच्या पानांचे फोटो काढून पाठवा. देवलांनी तिथे प्रेक्षकांशी बोलायला किती जागा ठेवलीय ते बघायचंय. आणि त्यानंतरच्या रविवारी फोनवर तो प्रवेश तुम्ही मला वाचून दाखवा. खलनायकाची वाक्यं हळू म्हणा, माझ्यासाठी.

आईला नमस्कार. तिनं दिलेलं मेतकूट संपत आलंय.

तुमची,
ताई