यंदाची दिवाळी गंजात भाजायची

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

सोयाबीन घरात आलं की आईचं लक्ष तळणाकडे वळतं, म्हणून हे पत्र त्याआधीच पाठवते आहे. यंदा तासन्‌तास तेलाच्या कढईपुढे बसायचं नाही. जे भाजून चांगलं होतं ते गंजात, म्हणजे भाताच्या जाड पातेल्यात, भाजायचं, जे होत नाही ते थोडकंच करायचं. सजावटीतही शिडीवर किंवा स्टुलावर चढावं लागेल असं एकही काम ठेवायचं नाही. बाबा, हे शेवटचं तुमच्यासाठी.

आधी काय भाजायचं नाही ते सांगते. भाजलेली चकली म्हणजे कडक पापडाचा तुकडा, तिच्या वाटेला जाऊ नये. करंजी भाजता येते, पण पारी कोरडी होते आणि सारण तोंडात पिठूळ लागतं. अनारसा तर तुपातच फुलतो. तेव्हा चकलीची अर्धा किलो भाजणी तेवढी दळून ठेव, धनत्रयोदशीला आले की मी तळीन. करंज्या आणि अनारसे यंदा पाच-पाच, नैवेद्यापुरते. चिवड्याचे पातळ पोहे या उन्हात दोन तास पसरले की निम्मं काम होतं, मग मंद आचेवर कोरडेच परतायचे.

आता गंज. भात शिजवायचा जुना जर्मनचा (अ‍ॅल्युमिनियमचा) जाड बुडाचा गंज घे, झाकण घट्ट बसणारा. कुकर नको, रिकामा तापून बिघडतो. गंजात जाडं मीठ बोटाच्या एका पेराइतकं पसर, १ किलो लागेल. त्यावर भांडी ठेवायचं लोखंडी रिंगण आणि रिंगणावर ताटली. ताटली गंजाच्या भिंतीला टेकता कामा नये, चहूकडून बोटभर जागा सुटली पाहिजे. गरम हवा तिथूनच वर जाते. टेकली तर कडा करपतात आणि मधलं कच्चं राहतं. ताटली पातळ असेल तर दोन एकावर एक ठेव.

झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटं रिकामा गंज तापू दे, मग बारीक आचेवर भाजणं. बाबांना हे सांगायला नको. रोडगे गोवऱ्यांच्या जाळावर घालत नाहीत, जाळ बसून आर, म्हणजे निखारे, पांढरी झाली की घालतात. इथेही तसंच आहे, घाईने मोठी केलेली आच बूड जाळते आणि वरची बाजू पांढरीफटक ठेवते. काम झाल्यावर मीठ गार करून डब्यात भर. तेच मीठ पुढच्या वेळी चालतं, फक्त स्वयंपाकात घेऊ नको. गंजात मात्र राहू देऊ नको. मीठ हवेतली ओल धरतं आणि ओल्या मिठाने जर्मनला खड्डे पडतात.

नानखटाईचं माप वाटीने देते, वजनकाटा शोधत बसू नको. आमटीची लहान वाटी घे आणि शेवटपर्यंत तीच ठेव. साजूक तूप पाऊण वाटी, पिठीसाखर १ वाटी, कणीक पावणेदोन वाट्या, बेसन अर्धी वाटी, बारीक रवा २ मोठे चमचे, खायचा सोडा पाव लहान चमचा, चिमूटभर मीठ, वेलची आणि थोडं जायफळ. एवढ्यात २० ते २२ होतात. मैद्याने जास्त खुसखुशीत होतात हे खरं, पण घरच्या गव्हाची चव मैद्याला नाही. कणीक तेवढी बारीक चाळणीने दोनदा चाळ, कोंडा राहिला तर नानखटाई दाताखाली भरभरीत लागते.

सगळं काही तुपावर आहे. तूप थिजलेलं हवं, वितळलेलं नको. आपल्याकडे ऑक्टोबरच्या दुपारी फडताळातलं तूपही पातळ होतं, म्हणून हे काम सकाळी चहाच्या आधी कर, नाहीतर तुपाची वाटी गार पाण्याच्या कोपरात (पसरट परातीत) अर्धा तास ठेव. तूप आणि साखर तळहाताने एकाच दिशेने ८-१० मिनिटं फेस. रंग पांढरट झाला आणि तूप हलकं झालं की थांब. हात दुखत असतील तर हे काम बाबांकडे दे. परात पाटावर ठेवून खुर्चीत बसून करता येतं, ओट्याशी उभं राहायची गरज नाही.

मग सोडा मिसळलेलं पीठ घाल आणि नुसतं एकत्र गोळा कर. पोळीच्या कणकेसारखं तिंबू नको. तिंबलं की गव्हाचा चिकटपणा जागा होतो आणि नानखटाई कडक होते. गोळा भुरभुरत असेल तर पाणी घालू नको, दूधही नको. चमचाभर तूप घाल आणि १५ मिनिटं झाकून ठेव, रवा तूप पितो आणि गोळा धरला जातो. सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या गोळ्या करून किंचित दाब, वर चारोळी. दोन गोळ्यांत दोन बोटं अंतर, फुगल्यावर त्या पसरतात.

बारीक आचेवर २० ते २५ मिनिटं. पहिली १२ मिनिटं झाकण उघडायचं नाही, वास आला तरी नाही. झाकणाच्या आतून पाणी धरत असेल तर झाकणाला फडकं बांध, त्याची टोकं वर गाठून, नाहीतर ती आचेवर लोंबतात. कडा बदामी झाल्या की गॅस बंद. नानखटाई तेव्हा हाताला मऊच लागते. कच्ची वाटून आणखी ५ मिनिटं ठेवली की ती दगड झालीच म्हणून समज. ताटलीतच गार होऊ दे, गार झाल्यावर ती कडक होते. कोमट असताना डब्यात भरली तर वाफेने मऊ पडते. नीट गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर दोन आठवडे सहज टिकते.

नानखटाया पसरून भाकरीसारख्या एकमेकींना चिकटल्या तर समज, तूप पातळ झालं होतं. उरलेला गोळा पाण्याच्या कोपरात गार करून पुन्हा लाव. वर भेगा पडल्या तर काही बिघडलं नाही, तशाच हव्यात. पण भेगा खोल असतील आणि चव साबणासारखी लागत असेल तर सोडा जास्त झाला. पाव चमचा म्हणजे सपाट पाव चमचा, शीग लावून नाही.

पहिला घाणा कोजागिरीच्या आधी काढ. भुलाबाईची गाणी म्हणायला गल्लीतल्या पोरी येतात, मग डब्यातला खाऊ ओळखायचा खेळ असतो, आणि चिवडा-लाडू-साखरफुटाणे त्या डबा हलवूनच ओळखतात. नानखटाई डब्यात फडक्यात गुंडाळून ठेव, वाजणार नाही. भुलाबाईच्या मखराला ज्वारीचे पाच धांडे लागतील. आता सगळीकडे सोयाबीन आणि कापूस, तेव्हा कडब्यासाठी कोणी ज्वारीचा पट्टा पेरला आहे का ते बाबांनी आत्ताच विचारून ठेवावं. धांडे आदल्या संध्याकाळी कापून खालची टोकं पाण्याच्या बादलीत ठेवली तर पानं सुकत नाहीत.

कोहळ्याचा (लाल भोपळ्याचा) केक मुलांसाठी. परसातल्या वेलावरचं पिकलं कोहळं घे, देठ वाळलेला आणि नख न रुतणारा. फोडी सालासकट चाळणीवर वाफव, पाण्यात शिजवू नको. पाण्यात शिजवलेलं कोहळं पाणी धरतं आणि केक मधोमध बसतो. गर काढून कुस्करून पाऊण वाटी. बारीक चिरलेला गूळ पाऊण वाटी, दही अर्धी वाटी, तेल पाव वाटीपेक्षा जरा जास्त, हे सगळं गूळ विरघळेपर्यंत घोट. वेगळ्या ताटात कणीक दीड वाटी, बेकिंग पावडर १ लहान चमचा, सोडा पाव चमचा, सुंठ आणि जायफळ दोनदा चाळ. गंज तापला की मगच दोन्ही एकत्र कर. दही आणि सोडा भेटले की बुडबुडे लगेच सुरू होतात आणि पीठ वाट पाहत बसलं तर ते फुकट जातात. पीठ भज्यांच्या पिठाइतकं दाट हवं, फार घट्ट वाटलं तर २-३ चमचे दूध. डब्याला तूप लावून पीठ भुरभुरव, अर्ध्यापर्यंतच भर. ४० ते ४५ मिनिटं. पहिला अर्धा तास झाकण काढायचं नाही. सुरीचं टोक मधोमध खुपसून कोरडं निघालं की झालं. या हवेत दोन दिवसांत संपवा.

बाबा, गूळ घातलाय म्हणून रक्तातली साखर वाढत नाही असं धरून चालू नका. एक लहान तुकडा, तोही जेवणानंतर.

सजावटीचं थोडक्यात. झेंडू पाण्याने धुवायचा नाही, ओल पाकळ्यांत राहते आणि दुसऱ्या दिवशी फुलं काळी पडतात. सुई देठाकडच्या हिरव्या भागातून आरपार घाल. पाकळ्यांतून ओवलेलं फूल संध्याकाळपर्यंत गळतं. दोन-चार फुलांनंतर आंब्याचं एक पान. तोरण चौकटीच्या वर नकोच, ती खुंटी उंच आहे. उंबरठ्याशी दोन्ही बाजूंना आणि तुळशीवृंदावनाभोवती माळा सोडा. दसऱ्याला आपट्याची अख्खी फांदी मोडून आणू नका, घरातल्यांपुरती पानं पुरतात.

वाती घरच्या कापसाच्या. कवडी, म्हणजे डागी कापूस, बाजूला काढ, स्वच्छ बोंडातलीच रुई घे आणि सरकी नीट वेच. सरकीचं टरफल राहिलं की वात तडतडते आणि काजळी धरते. नव्या पणत्या लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी ५-६ तास पाण्यात बुडवून उन्हात वाळव, कोरी माती तेल पिते.

आकाशकंदील बाबांकडेच. चौकोनी करा: फूटभर लांबीच्या ८ कामट्या खालच्या-वरच्या चौकटींना, दीड फुटाच्या ४ उभ्या. सांधे सुतळीने बांधायचे, खिळे कामटीला चिरतात. कागदाला खळ मैद्याची, २ चमचे मैदा एक पेला पाण्यात गार असतानाच घोटून मग शिजवा. गरम पाण्यात पीठ टाकलं की गाठी होतात. खळ पातळ आणि पारदर्शक हवी. आत ५ वॅटचा एलईडी दिवा, जुना पिवळा नको, त्याच्या उष्णतेने कागद पेटतो. वायरचे सांधे टेपने पूर्ण झाकलेले असू द्या. परतीचा पाऊस अजून भरवशाचा नाही, म्हणून आढ्याला कप्पी लावून कंदील दोरीने वर-खाली करायचा. ती कप्पी शेजारच्या पोराला लावायला सांगा, तुम्ही फक्त दोरी ओढायची.

आर्वीच्या बाजारात गेलात तर आणायचं एवढंच: जाडं मीठ १ किलो, चारोळी ५० ग्रॅम, बेकिंग पावडरची लहान डबी, पतंगी कागदाचे ६ ताव. डबीवरची तारीख बघून घ्या. घरात जुनी असेल तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका, फसफसली नाही तर फेका. सोड्यासाठी लिंबाचे दोन थेंब.

शिधा संपला असेल तर फोनवर सांगा, बेसन मी येताना आणते.

तुमची लेक