कचऱ्यावरचा विनोद नेमका कोणावर?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

2 ऑक्टोबर जवळ आला की महापालिका, शाळा आणि सोसायट्या कचरा व चैनीची खरेदी या विषयांवर एकपात्री संगीत प्रयोग ठेवतात. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. गाडगेबाबा (1876–1956) दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात, श्रोत्यांनाच प्रश्न विचारत, ऋण काढून सण करणाऱ्यांची फजिती करत. हल्ली मात्र फजिती होते ती पिचकारी मारणाऱ्याची, पुडी फेकणाऱ्याची. समोरचा प्रेक्षक मनमुराद हसतो, कारण तो 'तसा' नसतो. चालू फोन टाकून नवा घेणारा, घडी न मोडलेल्या कपड्यांवर आणखी कपडे मागवणारा मंचावर आला की हशा जरा अडखळतो. तिथेच प्रयोगाचे पैसे वसूल होतात. निदान निम्मी गाणी खरेदीवर हवीत, आणि कचरा वेचणाऱ्यांवर एकही विनोद नको.

गाण्यात आकडे कच्चे घालू नयेत. एका सुती टी-शर्टमागे सुमारे 2,700 लिटर पाणी लागते, ही ओळ कोणी घरी नेत नाही. 'चार टी-शर्ट, एक टँकर' म्हटले की (टँकर 10,000 लिटरचा) पाणी विकत घेणारी सोसायटी जागच्या जागी हिशेब करते.

टाकाऊ वस्तूंची वाद्ये सुरात असावीत. नवे पाइप आणून 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणणे हा तर वेगळाच विनोद. प्लंबरकडे तुकडे उरलेले असतात. दोन इंची पीव्हीसी नळीच्या तोंडावर जुनी हवाई चप्पल मारली की घुमारदार स्वर निघतो. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा साधारण 122 सेंमीला, पंचम 80.5 ला आणि वरचा सा 59.5 ला मिळतो. 122 चा निम्मा म्हणून 61 वर कापली तर वरचा सा उतरलेला लागतो. दोन्ही तोंडांपाशी मिळून हवेचा स्तंभ तीनेक सेंमी जास्त लांब धरावा लागतो, आणि नळी आखूड झाली तरी हे तीन सेंमी तेवढेच राहतात. चप्पल मारून लगेच उचलायची. टेकून राहिली तर ते तोंड बंद होते आणि स्वर सप्तकभर खाली जातो. डिसेंबरच्या रात्री उघड्या मैदानात नळ्या जवळजवळ पाव स्वर उतरतात, पेटी मात्र जागची हलत नाही. म्हणून नळी चारेक सेंमी आखूड कापून टोकाला जुन्या एक्स-रे फिल्मची गुंडाळी रबराने बसवावी. ती पुढे-मागे सरकवून स्वर जुळवता येतो.

पंधरा किलोचा तेलाचा डबा ठेक्याला उत्तम. पण आत जुनी चादर कोंबली नाही तर तो झणझणत राहतो आणि शब्द बुडतात. शब्द बुडाले की विनोदही बुडाला. डबा कमरेच्या खाली ठेवावा, नाहीतर तोंडाजवळचा माइक गायकाआधी डबाच उचलतो.

आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हशा किती सेकंद टिकेल हे कोणालाच ठाऊक नसते. ट्रॅक थांबत नाही, आणि पुढची ओळ टाळ्यांत जाते. दिमडी आणि चिपळ्या थांबतात. लूप पेडल (वाजवलेला तुकडा पुन्हापुन्हा ऐकवणारे पायाचे यंत्र) चालेल, पण पायाने तत्काळ बंद करता येत असेल तरच. चालींचेही तसेच. सिनेमाच्या चालीवर विडंबन रचणे सोपे, पण मानधन घेऊन केलेल्या प्रयोगाला परवान्याचा प्रश्न येतो. भारूड, गवळण, वासुदेवाच्या पारंपरिक चाली मोकळ्या आहेत, आणि ध्रुवपद दुसऱ्या फेरीला प्रेक्षकांच्या तोंडी येते.

आयोजकांना एक सांगायचे आहे. 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. जाड फलक कायद्यात बसतो, पण कचऱ्यावरच्या प्रयोगामागे तोही शोभत नाही. कापडी पडदा शिवावा, त्यावर तारीख नको. मान्यवरांचे फोटो तर मुळीच नकोत. निवडणूक झाली की चांगला पडदा वाया जातो.

– एकपात्री प्रयोगांची वाद्ये व ध्वनिव्यवस्था पाहणारे काही जण, पुणे